मौनी अमावास्येची काडतुसं

तापीकाठच्या आमच्या पंचक्रोशीत माझी एक गोष्ट सांगतात. नवी सून सासऱ्याच्या बंदुकीपुढे धावत गेली आणि तिनं हरणांचा जीव वाचवला, अशी ती गोष्ट. गेल्या हिवाळ्यात लोणखेड्याहून कॉलेजची मुलं ती ऐकून घरी आली. त्यांना माझं भाषण हवं होतं, मुक्या जिवांवरच्या प्रेमावर. मी त्यांना चहा दिला, शेंगदाण्याचे लाडू दिले आणि पाठ धरली आहे असं सांगून वाटेला लावलं. पाठ ठणठणीत होती.

त्या हरणांवर उडवायची काडतुसं मीच भरलेली होती. हे एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली. सासरे जाऊन बराच काळ झाला, सासूबाई गेल्या आषाढात गेल्या. आता ज्यांच्या तोंडाकडे बघून गप्प बसायचं असं कुणी उरलं नाही. आणि लिहायलाच बसले आहे तर तेही लिहून टाकते, की काडतुसं भरताना मी जेवढी हसले, तेवढी त्याआधी आणि त्यानंतर कधी हसले नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणायचे. आमचं गुजर घर. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा घरात यायचा नाही. आणि अशा घरात देवघराच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत खुंटीवर दुनळी बंदूक टांगलेली. पीक राखायला म्हणून सरकारनं परवाना दिलेला होता. कापूस निघाला की काळविटांचे कळप नदीकडच्या पडीक रानातून वर यायचे आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे असे खुडायचे, जणू कुणी कात्री फिरवली. सासरे त्यांच्यावर बंदूक चालवायचे. पडलेलं हरीण आमचा सालदार भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, घेऊन जायचा, घराच्या वाऱ्यालाही ते हरीण आणायचं नाही असा सासूबाईंचा हुकूम होता. सासऱ्यांनी आयुष्यात कधी मांस तोंडात घातलं नाही. हरीण पडलं की ते विहिरीवर कपड्यांसकट अंघोळ करायचे, मग सासूबाई दारातच त्यांच्यावर गोमूत्र शिंपडायच्या आणि नंतर आत घ्यायच्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मला आधी वाटायचं, या माणसाला अंघोळीचीच आवड आहे.

आवड बंदुकीची होती. विकतचं काडतूस मिळायला कठीण, म्हणून पितळी नळकांडी जपून ठेवायची आणि तीच घरी पुन्हा पुन्हा भरायची. हे काम गोठ्याच्या पडवीत चालायचं, कारण घरात बारूद आणायला सासूबाईंची मनाई होती. माझे यजमान नोकरीला धुळ्यात. शनिवारी यायचे, पण बारूदीचा वास आला की त्यांना शिंकांवर शिंका. त्यामुळे सासरे एकटेच बसायचे. त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला असायचा. बारूदीवर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड चकती बसवायची, ती त्यांच्या हातून तिरपी जायची, आणि ते तिच्याशी भांडल्यासारखं काहीतरी पुटपुटायचे.

आता आमच्यातली रीत सांगायला हवी. सून सासऱ्यापुढे लाज काढते, म्हणजे तोंड झाकून घेते. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, आणि बोलणं बंद. सासराही सुनेशी सरळ बोलत नाही. काही सांगायचंच झालं तर मधल्या माणसाला सांगायचं, त्यानं पुढे पोचवायचं. तिघंही एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर बसलेले असले तरी असंच.

एकदा मी गोठा झाडत होते. सासऱ्यांची चकती पुन्हा तिरपी अडकली होती. मला बघवेना. झाडू ठेवला, पदराआडून हात पुढे केला, नळकांडं घेतलं, चकती सरळ केली आणि लाकडी दांड्यानं एका दमात दाबून बसवली. नळकांडं त्यांच्यापुढे ठेवून झाडू उचलला. सासरे बराच वेळ त्या नळकांड्याकडे बघत होते. आजूबाजूला मधलं माणूस कुणी नव्हतं. मग त्यांनी म्हशीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे."

तिथून मी त्या कामाला लागले. सून आणि सासरा एकटे पडवीत बसणं काही बरं दिसत नाही, म्हणून सासूबाई मधे पाट टाकून, जपमाळ घेऊन बसायच्या. त्यांना हा सगळा प्रकार पाप वाटायचा आणि निरोप पोचवायचं कामही त्यांच्याकडेच. घरातली आमची बोली गुजरी, ती कागदावर मला नीट उतरवता येत नाही, म्हणून साध्या मराठीत लिहिते. पण चालायचं ते असं.

"तिला सांगा," सासरे म्हणायचे, "माप सपाट घे. शीग लावू नको."

"वहू, ते म्हणतात, हात आखडता घे. आणि मी म्हणते, हात धुऊन स्वयंपाकाला लाग."

"आई, त्यांना विचारा, मेण पातळ करू का घट्टच लावू?"

"ऐकलं का, ती विचारते, हे पाप अजून किती वेळ चालायचंय."

"सांगा तिला, पातळ कर."

सासऱ्यांचे कान उत्तम होते, माझेही. प्रत्येक शब्द प्रत्येकाला आधीच ऐकू आलेला असायचा. तरी तो सासूबाईंच्या तोंडून फिरून यायचा, आणि येताना अंगावर काहीतरी नवं घालून यायचा. सासरे मिशीत हसायचे ते मला पदरातून दिसायचं. मी हसायची ते त्यांना दिसत नव्हतं, पण पदर हलायचा.

काम मला मनापासून आवडायचं. काडतुसाच्या बुडाला ठिणगीची टोपी असते, ती उडालेली टोपी खिळ्यानं आतून ठोकून काढायची, नवी बसवायची. जुनं नळकांडं कापून, तारेचा दांडा लावून केलेलं माप होतं, त्यानं बारूद ओतायची. वर पुठ्ठ्याची चकती, मग नमद्याची जाड चकती. नमदा सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेल्या घोडीच्या खोगिराखालचा होता. घोडी विकून टाकली तरी तो राहिला होता, आणि त्याला अजून घोडीचा वास यायचा. मग मोठे छर्रे, वर पातळ चकती, आणि कडेनं मेण. शेवटी काडतूस कानाशी धरून हलवायचं. आतून आवाज आला नाही की मी ते रांगेत उभं करायची. पितळी, चकचकीत, सगळी सारख्या उंचीची. पुरणपोळ्या एकसारख्या झाल्या तरी मला कधी एवढा ताठा आला नाही.

हरणांचं काय, असं कुणी विचारेल. हरणांचा विचार माझ्या मनात यायचा नाही. पहाटे कणीक मळताना शेतातून बार ऐकू आला की मला एवढंच वाटायचं, ते माझं. नीट उडालं. आणि मी दुप्पट जोरानं मळायची. हे भाषणात सांगण्यासारखं नाही, म्हणून पाठ धरली.

मग ती मौनी अमावास्या आली. सासूबाईंचं त्या दिवशी कडक मौन असायचं, सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत. हरभरा ऐन घाट्यावर होता, कळप रोज येत होता, सासऱ्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे जायचं होतं. दुपारी पडवीत आम्ही तिघं बसलो तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं की आज निरोप कसे जाणार.

सासरे सवयीनं म्हणाले, "तिला सांगा, टोप्या आधी तपासून घे."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. जपमाळ मांडीवर ठेवली. दोन्ही हातांनी डोक्यावर टोपी घातल्याचं करून दाखवलं, मग ती काढून उलटसुलट बघितली, आत उवा आहेत का तेही बघितलं. मी पदर दातांत धरला.

"सांगा तिला, छर्रे मोजून टाक."

सासूबाईंनी हवेतून एकेक दाणा उचलून मोजला. मग त्यांना राहवलं नाही. डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरली, मान टाकली, जीभ बाहेर काढली, आणि वर आढ्याकडे बोट दाखवून सासऱ्यांकडे डोळे वटारले.

सासरे गंभीरपणे म्हणाले, "हे मी सांगितलं नव्हतं."

मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. आवाज निघू द्यायचा नाही, म्हणून ते सगळं पोटात, खांद्यांत, हातांत उतरलं. हात चालूच होते. माप, नळकांडं, माप, नळकांडं. मधेच सासूबाई जमिनीवर हात आपटायला लागल्या, माझ्या हाताकडे दाखवायला लागल्या. आता आणखी एक नक्कल बघितली तर मी इथेच आडवी पडेन असं वाटून मी डोळे घट्ट मिटून घेतले. एका काडतुसात नमद्याची चकती खाली जाईना. मी जोर लावून दाबली. छर्रे मावेनात, तर दोन काढून बाजूला ठेवले. त्याचंही मला हसूच आलं. थांबून विचार करायला हवा होता. केला नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि सासूबाईंचं तोंड उघडलं. कालचं सगळं साठलेलं होतं. मी चुलीपुढे कणीक मळत होते, त्या मागे भाजी निवडत होत्या.

"काल बोलता येत नव्हतं म्हणून. नाहीतर तिथेच सांगितलं असतं. हसता हसता एकाच नळकांड्यात दोनदा माप ओतलंस. मी किती हात आपटले, तू बघशील तर ना. एवढी महाग बारूद, आणि ती वाया घालवायची कशापायी, तर त्या मुक्या जिवांना मारायला. एखादीच्या मागे पाडस असेल, दूध पिणारं असेल..."

पाडसापर्यंत मी तिथे नव्हतेच. मला फक्त "दोनदा" ऐकू आलं, आणि न बसणारी ती चकती हाताला पुन्हा जाणवली. बंदूक जुनी होती, नळ्या पातळ झालेल्या. सासरे नेम धरताना गाल दस्त्याला अगदी चिकटवायचे. एका काडतुसात दुप्पट बारूद असेल तर नळी फुटणार कुठे, तर त्यांच्या डोळ्यापाशी. सासूबाईंना तो नुसता बारूदीचा खर्च वाटला होता.

मी कणकीच्या हातांनी उठले आणि पळाले.

निरोप पाठवायला कुणी नव्हतं. सालदार त्यांच्याबरोबरच गेलेला. अंगण, गोठा, नाला, मग आमचं काळ्या जमिनीचं शेत. ढेकळं, पऱ्हाटीचे म्हणजे कापसाच्या झाडांचे खुंट, अनवाणी पाय. मी खूप घाबरले होते. आणि तरी, आज हेही खरं सांगते, पळताना मला मजा आली. लग्नानंतर मी पळाले नव्हते. पदर डोक्यावरून गेला, मग खांद्यावरून गेला, कानात वारा भरला, आणि पाय आपले आपण नाल्यावरून उडी मारून पलीकडे गेले. एकीकडे मनात देवाचा धावा चाललेला आणि दुसरीकडे पायांना वाटतंय, अजून पळू या.

सासरे दिसले. पऱ्हाटीच्या ढिगाआड गुडघ्यावर बसलेले, बंदूक खांद्याला, माझ्याकडे पाठ. पुढे हरभऱ्यात कळप चरत होता, मधे एक काळाभोर नर मान वर करून उभा. मी अजून बरीच लांब होते. ओरडायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की यांना हाक मारायला माझ्याकडे शब्दच नाही. यजमान त्यांना बाबा म्हणायचे, सासूबाई "ऐकलं का", सालदार दादा, गाव पाटील. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना काहीच म्हटलेलं नव्हतं. नाव घेणं तर शक्यच नाही. तोंड उघडं, आत काही नाही. आणि मग जे बाहेर आलं ती माझ्या माहेरची आरोळी. ज्वारीवर पाखरं उतरली की आम्ही पोरी मचाणावर उभ्या राहून दोन्ही हात पसरून ओरडायचो ती. "हाऽऽ हो होर्र, हाऽऽ हो होर्र."

अख्खा हरभरा एकदम हवेत उसळला. हरणं एकमेकांवरून उड्या घेत नदीकडे गेली, काळा नर सगळ्यांत उंच. सासऱ्यांनी दचकून बंदूक खाली घेतली आणि मागे वळले.

मी त्यांच्यापुढे जाऊन थांबले. डोक्यावर पदर नाही, हाताला कणीक, धाप लागलेली. सासऱ्यांशी मी बोललेला पहिला शब्द असा होता:

"दोनदा."

ते बघत राहिले.

"बारूद. एकात दोनदा पडली."

त्यांनी लगेच माझ्याकडे पाठ केली. सुनेचं उघडं तोंड बघायचं नाही म्हणून. पऱ्हाटीच्या ढिगाला विचारलं, "कोणत्या?"

"माहीत नाही."

त्यांनी बंदुकीचे घोडे अंगठ्यानं हळूच उतरवले. बंदूक मधे मोडून उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात ठेवली. एवढ्यात कळप वळवायला शेताच्या दुसऱ्या टोकाला बसलेला सालदार धावत आला.

"काय व्हयनं, दादा? सगळा कळप पळी ग्या."

"तिला सांग, पदर घे," सासरे म्हणाले. "रस्त्यावर गाड्या थांबल्यात."

"वहिनी, दादा म्हणी ऱ्हायनात, पदर ल्या."

शहाद्याकडे कापूस घेऊन निघालेल्या बैलगाड्या खरंच रांगेनं थांबल्या होत्या. गाडीवानांनी काय पाहिलं? सून हात पसरून बंदुकीकडे धावते, ओरडून हरणं पळवते, आणि सासरा बंदूक खाली करतो. त्यांचं काही चुकलं नाही. मीही तेवढंच पाहिलं असतं तर तेच सांगितलं असतं.

दुपारी सासऱ्यांनी पडवीत सगळी काडतुसं एकेक करून उघडली. मी दारात उभी होते. सासरे प्रत्येकातली बारूद ताटलीत वेगळी ओतत गेले. उजव्या नळीतल्या काडतुसातून बाहेर आलेला ढीग बाकीच्यांच्या दुप्पट होता. ते नेहमी उजवी नळी आधी उडवायचे. ढिगाकडे बघत त्यांनी एकदा उजव्या डोळ्यावरून हात फिरवला. मग सगळी बारूद गोळा करून उकिरड्यावर नेली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. सासूबाई पडवीत नव्हत्या. त्या गल्लीत सांगत होत्या, "मी फक्त पाडसाचं नाव काढलं. माझ्या एका शब्दावर उठून पळाली पोर."

शहाद्याच्या बाजारात गोष्ट पोचली तेव्हा मी बंदुकीच्या तोंडावर हात ठेवला होता. खापरच्या बाजारात पोचेपर्यंत काळवीट माझ्या पदराआड लपलेलं होतं आणि मी त्याला कुरवाळत होते. बायका ओटी भरायला यायला लागल्या. एक म्हातारी माझ्या पाया पडली, मी तिच्या पडले, ती पुन्हा माझ्या पडली, आणि दोघींची डोकी आपटली. मी काही बोलायची नाही. त्यालाही लोक विनय म्हणायचे.

रामनवमीच्या सप्ताहात कथा सांगायला आलेल्या महाराजांनी भर मंडपात सासऱ्यांना उभं केलं. म्हणाले, पाटील, सुनेनं लाज सोडली ती कुणासाठी, सांगा या सगळ्यांना. मी बायकांच्या बाजूला बसले होते. त्यांनी खरं सांगितलं असतं तर बंदूक त्यांची राहिली असती. आणि मी? गुजराच्या घरात बारूद भरणारी, सासऱ्याचा डोळा घालवायला निघालेली सून. मला त्याच आठवड्यात माहेरी धाडलं असतं, आणि माहेरच्यांनी तोंड कुठे लपवलं असतं? सासऱ्यांनी बायकांच्या बाजूला एकदा बघितलं.

"सुनेनं सांगितलं," ते म्हणाले, "मी ऐकलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मंडपानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली.

हे माझ्या मनातून जात नाही. पुढच्या हिवाळ्यात ते पहाटे उठायचे, ओट्यावर बसायचे, आणि हरभऱ्यात उभी हरणं बघायचे. सुजलेला अंगठा मांडीवर काहीतरी दाबत राहायचा. मला माफी मागायची होती. पण आम्ही पुन्हा होतो तसेच झालो होतो, लाज, पदर आणि मधे सासूबाई. माझा प्रत्येक शब्द त्यांच्या तोंडून जाणार. माफी कशाची, असं त्यांनी विचारलं असतं, आणि आपल्या एका शब्दानं हरणं वाचली ही सासूबाईंच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट मी मोडली असती.

तरी एका सकाळी मला राहवलं नाही. आम्ही तिघं ओट्यावर होतो, मी आणि सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत, सासरे कडेला. हरणं शेंडे खुडत होती.

"आई," मी म्हणाले, "त्यांना सांगा, हरभऱ्याचं हे नुकसान माझ्यामुळे झालं. मला फार वाईट वाटतं."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलं का," त्या म्हणाल्या, "वहू म्हणते, हरणं पोटभर खाताना बघून तिचा जीव निवतो."

सासरे शेताकडेच बघत होते. मग म्हणाले, "तिला सांगा, इथून मला प्रत्येक हरणाची शिंगं दिसतात. दोन्ही डोळ्यांनी."

"वहू, ते म्हणतात, तुझ्यामुळे त्यांचेही डोळे उघडले."

आधी त्यांची मिशी हलली. मग खांदे हलायला लागले, मग खोकल्यासारखा एक आवाज आला, आणि मग ते उघडउघड हसायला लागले, मांडीवर हात मारून. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण शेंगांचं सूप मांडीवरून खाली गेलं आणि तुरीचे दाणे ओटाभर पसरले. सासूबाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हसण्यासारखं काय बोलले मी," त्या म्हणाल्या आणि पूजेला उठून आत गेल्या. मधलं माणूस उठून गेलं, तरी आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत होतो.